रोक्काव्हेल्नाच्या इतिहासातली कौसा

दिवाळी होऊन आठ दिवस झाले तरी करंजपाड्यावर आभाळ गच्च होतं. भात कापून शेतात पडलेलं, भारे बांधायचे राहिलेले, आणि बारवी धरणाच्या अंगाने रोज दुपारी काळं चढून यायचं. मजूर मिळत नव्हते. वाडीतली माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली, गावातली पोरं बदलापूर स्टेशनाबाहेर रिक्षा लावत होती, नाहीतर अंबरनाथच्या कारखान्यांत पाळी करत होती. भीमराव म्हसकरांच्या घरात शेतात उतरणारं माणूस एकच उरलं होतं आणि ते एक्क्याऐंशी वर्षांचं होतं.

कौसाबाई ही भीमरावांची चुलत बहीण. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत तिचं अंथरूण, एक पत्र्याची पेटी आणि चूल. तिला कोणी राबवत नाही, ती आपली राबते, तिला बसवत नाही, असं भीमराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. स्वतःच्या सोयीचं बोलायला माणसाला फार विचार करावा लागत नाही. कौसाबाई बसली असती तर तिच्या पुढ्यात भाकरी कोणी टाकली असती, हे गावाला ठाऊक होतं, आणि गाव गप्प होतं.

तिचा बाप रघु दुसऱ्या महायुद्धात पलटणीत भरती झाला तेव्हा ती आईच्या पोटात होती. ती जन्मल्याचं आणि तिचं नाव ठेवल्याचं पत्र त्याला परदेशात मिळालं, त्याचं उत्तरही आलं. नंतर इटलीच्या डोंगरात तो बेपत्ता झाल्याचा सरकारी कागद आला. वर्षभर वाट पाहून धाकट्या भावाने, म्हणजे भीमरावांच्या बापाने, जयदेवने, भटाला बोलावलं. पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला रघु म्हणून नदीवर जाळला. त्याच दिवशी, त्याच घाटावर कौसाच्या आईच्या, सखूच्या, बांगड्या फोडल्या. पायगुण वाईट म्हणून कौसाला लग्नघरात कोणी पुढे येऊ देईना. ती बारा वर्षांची असताना सखू तापाने गेली. कौसाचं लग्न झालं, नवरा वीटभट्टीवर साप चावून मेला, आणि सव्विसाव्या वर्षी ती परत आली ती या पडवीत. तेव्हापासून ती इथेच आहे.

असं सगळं चाललेलं असताना उल्हासनगरचा कमलेश एका सकाळी गाडी घेऊन थेट खळ्यापर्यंत आला. कमलेशचा जीन्स शिवण्याचा कारखाना होता. मशीनं आणायला इटलीत चार-पाच वेळा जाऊन आलेला, तिथली भाषा मोडकीतोडकी बोलायचा. म्हसकरांची रस्त्याला लागलेली जमीन त्याला गोडाऊनसाठी हवी होती आणि वर्षभर त्यांचं बोलणं चालू होतं.

"चाचा, आज जमिनीचं नाही," तो म्हणाला. "तुमच्या खानदानमध्ये कोणी रघु म्हसकर होता काय? मिलिटरीवाला?"

"माझा सख्खा चुलता. लढाईत गेला."

"तिकडे पहाडात एक छोटं गाव आहे. रोक्काव्हेल्ना. माझा मशीनवाला तिकडचाच. त्याच्या गावची एक बाई गावाचा इतिहास लिहून राहिली. त्यात तुमच्या चाचाचं पण लिहिलंय म्हणे. ती इकडे येणार. मी घेऊन येतो, काय?"

भीमरावांची छाती फुगली. चुलता इटलीच्या इतिहासात गेला म्हणजे काय साधी गोष्ट झाली. दुपारपर्यंत कुळगावात त्यांनी बॅनरची ऑर्डरही दिली, 'करंजपाड्याचे शूर सुपुत्र शहीद रघु म्हसकर', खाली स्वतःचा फोटो.

कौसाबाई भारा झोडत होती. फळीवर पेंडी आपटायची, दाणे उडायचे, पेंडी फिरवायची, पुन्हा आपटायची. हाताला पेंढ्याच्या पात्यांनी बारीक बारीक चिरा पडल्या होत्या आणि त्यांत कोंडा भरला होता. ती हात न थांबवता म्हणाली, "भीमा, तिला इचार. माजा बाप कुठं पडला ती जागा ठाव हाये काय तिला?"

"इचारू, इचारू. तू पेंड्या उरक, पाऊस येतोय."

चार दिवसांनी कमलेशने फोनवर त्या इतिहासाच्या पानांचे फोटो पाठवले. भीमरावांना मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली. अक्षदा बी.कॉम. झालेली, चुणचुणीत पोरगी. फोनमध्ये टाकून तिने इटालियन पान मराठी करून घेतलं आणि ओटीवर बसून वाचायला लागली. मराठी तुटकं होतं तरी अर्थ कळत होता.

रोक्काव्हेल्ना आठशे वर्षांपूर्वी डोंगराच्या कड्यावर वसलं. चेस्टनट नावाच्या झाडाची फळं वाळवून, दळून, त्याच्या भाकरीवर गाव जगलं. दोनदा भूकंपाने पडलं, दोनदा उभं राहिलं. चव्वेचाळीस साली जर्मनांनी जाळलं. त्याच उन्हाळ्यात कोळसा पाडणाऱ्या एका माणसाला रानात मांडीत गोळी लागलेला हिंदी शिपाई सापडला. कोळसेवाल्याने त्याला सात महिने आपल्या झोपडीत लपवला. लढाई संपल्यावर शिपायाने घरी पत्र टाकलं. उत्तर आलं आणि त्यानंतर तो कधी परत गेला नाही. कोळसेवाल्याच्या मुलीशी त्याने लग्न केलं. गावाची घरं पुन्हा बांधली तेव्हा त्याने दगड वाहिले. एक्क्याऐंशी साली तो वारला. आता गावात दीडशे माणसं उरलीत, शाळा बंद झाली आहे. लेखिका इर्मा ही त्या शिपायाची मुलगी.

अक्षदा थांबली. भीमराव पुढे सरकून बसले.

"पुढं वाच."

"पुढे लिहिलंय की दरवर्षी नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, तो कब्रस्तानात एक मेणबत्ती जास्त लावायचा. त्याच्या थडग्याच्या दगडावर त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे दोन नावं आहेत. एक त्याचं. आणि एक, हिंदुस्थानात आईबरोबर पटकीने मेलेल्या त्याच्या पोरीचं." ती अडखळली. "कौसा."

शेवटचा फोटो त्या पत्राचा होता. पिवळा कागद, बाळबोध अक्षर. याचं मात्र भाषांतर करायची गरज नव्हती. 'रा. रघुदादास धाकटा भाऊ जयदेवचा दंडवत. तुझा विधी करून वर्ष झाले. तुझी बायको सखू व लेक कौसा गेल्या भादव्यात पटकीने वारल्या. आता येथे तुझे कोणी नाही. ज्याला जाळले तो परत घरात घेता येत नाही. येऊ नये.' सावकाश, वळणदार, एकही खाडाखोड नसलेलं पत्र होतं.

अक्षदाने फोटो मोठा करून पुढे धरला तेव्हा भीमरावांनी बापाची सही ओळखली. शाळेच्या दाखल्यावर आयुष्यभर पाहिलेली सही.

कोणालाही इथे लाज वाटली असती. भीमरावांनाही वाटली असेल, नाही असं नाही. पण त्यांनी पहिला फोन लावला तो कल्याणच्या वकिलाला. वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माणूस मेला कधी? चव्वेचाळीस साली मेला असेल तर पोरीला काही मिळत नाही, सगळं भावाचं. छप्पन्नच्या कायद्यानंतर मेला असेल तर पोरगी वारस. एक्क्याऐंशी साल लागलं तर म्हातारी अर्ध्या जमिनीची मालकीण आहे, आणि तुमचा व्यवहार तिच्या अंगठ्याशिवाय होत नाही.

भीमरावांनी फोन ठेवला आणि अक्षदाला म्हणाले, "ते फोटो पुसून टाक. आत्याला यातलं काय कळता कामा नये. तुमच्या बदलापूरच्या फ्लॅटचं याच व्यवहारातून व्हायचंय, ध्यानात ठेव."

तिने फोटो पुसले. पण पत्र तिला पाठ झालं होतं. दोन दिवस ती चहा घेऊन खळ्यावर गेली आणि तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी, कौसाबाई सुपाने भात वारवत असताना, तिने सांगून टाकलं. तिच्या मनाला टोचत होतं ते तिने म्हातारीच्या पदरात टाकलं आणि स्वतः मोकळी झाली. हे चांगलं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही.

कौसाबाईने सूप खाली ठेवलं.

"आय मेली तवा तो जित्ता होता?"

"हो, आत्या."

"माजं लगीन झालं तवा?"

"तेव्हापण."

"आन मना मेलेली समजत व्हता."

"दगडावर नाव कोरलंय तुमचं."

कौसाबाई तिथेच खाली बसली. ओठ हलत होते, ती सालं मोजत असावी. वाऱ्याने कोंडा उडून तिच्या केसांवर बसत होता. मग ती उठली, एक पेंडी उचलली आणि फळीवर आपटायला लागली. दाणा राहिला नाही तरी आपटत राहिली. पेंढा फाटून हातात चार काड्या उरल्या तेव्हा अक्षदाने तिचा हात धरला. तळव्यातून रक्त येत होतं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आत ती ओटीसमोर जाऊन उभी राहिली. ओटीवर चढायची तिला सवय नव्हती.

"भीमा, मना सगलं कललं."

भीमरावांनी सुनेकडे एकदा पाहिलं. सून आत निघून गेली.

"मना जमीन नको," कौसाबाई म्हणाली. "कसल्या कागदावर अंगठा पायजे तो घे. मना फकस्त तिला सांगूदे, मी जित्ती हाय म्हून. माजी भैन हाय ती."

"जमीन नको म्हणायला आधी ती तुझी असावी लागते," भीमराव शांतपणे म्हणाले. "तू अंगठा दिलास की तुझा हक्क होता असं होतं. मग तलाठी, मग कोर्ट, मग पेपरात माझ्या बापाचं नाव. माझ्या बापाने तुला खायला घातलं कौसाबाय. मी घालतोय. कोणत्या तोंडाने तू त्याची अब्रू काढतेस?"

"त्यानं मना मारली, भीमा. कागदावर मारली."

"आणि घरात जगवली. जा आता. सोमवारी पाहुणी येईल तेव्हा तू खळ्यावर ऱ्हा. घराकडे आलीस तर पडवीतली पेटी रस्त्यावर असेल. या वयात कुठं जाशील ते बघ."

ती कुठे जाणार होती? वाडीत तिचं कोणी नव्हतं. सासरचं नाव गाव विसरलं होतं. तरीही ती रात्रभर डोळ्याला डोळा न लावता एकच गोष्ट घोकत असावी, कारण सकाळी गोठा झाडताना तिचे ओठ हलत होते आणि अक्षदाला ऐकू आलं, "मी कौसा. रगूची कौसा." पोरगी शाळेत कविता पाठ करते तशी ती ते म्हणत होती.

सोमवारी कमलेशच्या गाडीतून इर्मा उतरली. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, जाड घोट्यांची बाई, डोक्यावर कापडी टोपी, पायात बूट. कपाळ रुंद आणि कानाच्या पाळ्या लांब. अक्षदाने ते कान पाहिले आणि नजर खाली घातली; तसेच कान रोज गोठ्यात शेण काढणाऱ्या कौसाबाईचे तिला दिसत. बॅनर बघून इर्मा हसली, फोटो काढला. शहीद म्हणजे काय हे कमलेशने तिला सांगितलं नसावं.

तांदळाची भाकरी, चवळीची उसळ, तळलेले मासे. ती मन लावून जेवली. मग तिने पिशवीतून ते पत्र काढलं. बाप वारल्यावर पेटीत सापडलेलं, गावात कोणालाच वाचता न येणारं. बापाने तोंडी सांगितलं होतं तेवढंच तिला ठाऊक होतं. तेच त्याच्या भाषेत एकदा ऐकायचं होतं तिला, आणि ऐकायचं होतं ते जिथे त्या दोघींना जाळलं तिथे.

"नदीवर चला बोलते," कमलेश म्हणाला. "चाचा, कुठलीपण जागा दाखवा ना. पाच मिनिटाचं काम."

नदीची वाट खळ्यावरून जात होती. दुसरी वाट नव्हती. भीमरावांनी लांबूनच कौसाबाईला हाताने बाजूला व्हायची खूण केली. ती बाजूला झाली, सुपासकट. माणसं पुढे गेली तशी तीही मागून चालू लागली, वाकलेली, अनवाणी, काटे न बघता.

मसणवट्याच्या कडेला एका सपाट खडकावर भीमराव थांबले. "इथंच," ते म्हणाले. इर्माने टोपी काढली. भीमरावांनी पत्र हातात घेतलं आणि मोठ्याने, स्वच्छ वाचलं. त्यांना एकही शब्द बदलावा लागला नाही. बापाने कामच तसं चोख करून ठेवलं होतं. सखू व लेक कौसा पटकीने वारल्या, हे वाक्य आलं तेव्हा इर्माने नावं ओळखली आणि डोळे मिटले. मग खाली बसून तिने खडकावर मेणबत्ती लावली. वाऱ्याने ती विझली. पुन्हा लावली.

कौसाबाई पुढे आली. सूप तिने टाकून दिलं होतं.

"बाय," ती म्हणाली. "मी कौसा. मी मेली नाय. मीच कौसा."

इर्माने मान वर केली. कौसाबाईने आपल्या छातीवर हात मारला. "कौसा." पुन्हा मारला. "कौसा. कौसा." परक्या माणसाला आणखी कसं सांगणार? ती दोन्ही हातांनी उरावर मारत राहिली आणि नाव घेत राहिली, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं रडं त्यात मिसळलं तसा आवाज चिरकला.

इर्माने कमलेशकडे पाहून काहीतरी विचारलं.

कमलेशला मराठी चांगलं कळत होतं. त्याने भीमरावांकडे बघितलं. भीमराव नदीकडे बघत होते. कमलेश वाईट माणूस नव्हता. त्याच्या स्वतःच्या आईच्या औषधपाण्याला तो रोज घरी धावत जायचा. पण रस्त्याकडच्या जमिनीत त्याचं वर्ष गुंतलं होतं. त्याने खाकरून इटालियनमध्ये दोन वाक्यं सांगितली. नंतर त्याने अक्षदाला आपणहून सांगितलं की तो एवढंच बोलला होता, घरची जुनी कामवाली आहे, त्या पोरीला तिने खेळवलं होतं, तिच्या नावाने रडते आहे.

इर्माचा चेहरा उजळला आणि मग भरून आला. ती उठली, कौसाबाईला घट्ट मिठीत घेतलं, आणि तीही म्हणायला लागली, "कौसा, कौसा." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. कौसाबाईला वाटलं, कळलं हिला. तिचे खरबरीत हात त्या बाईच्या पाठीवरून, केसांवरून, कानांवरून फिरत होते. "माजी बाय गं," ती म्हणत होती, "किती लांबून आली माजी बाय."

अक्षदा तीन हातांवर उभी होती. इर्माला थोडं इंग्रजी येत होतं, जेवताना दोघी त्यात बोलल्याही होत्या. चार शब्दांचं वाक्य, शाळकरी पोरगी बोलेल असं. ते अक्षदाच्या जिभेवर आलं होतं. भीमरावांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी त्यांना खात्री होती. आणि त्यांचा अंदाज चुकला नाही. तिने मोबाइल काढला आणि इर्माने सांगितल्याप्रमाणे दोघींचा फोटो काढून दिला.

मग इर्माने मिठी सोडली, डोळे पुसले, पिशवीतून वाळवलेल्या चेस्टनटची पुडी काढून म्हातारीच्या हातात ठेवली, तिच्या कपाळाचा मुका घेतला, आणि गाडीकडे चालू लागली. कौसाबाई तिच्या मागे गाडीपर्यंत गेली. आता ही आपल्याला बरोबर ये म्हणेल, निदान ओटीवर शेजारी बसवेल, असं तिला वाटत होतं. गाडीचं दार लागलं. काचेतून इर्माने हात हलवला.

"तिला कललं ना गं?" कौसाबाईने अक्षदाला विचारलं. "कललं असंल तर गेली कशी?"

अक्षदाने चेस्टनटची पुडी तिच्या पदराला बांधून दिली. जमिनीचा व्यवहार पौषात झाला. भीमरावांनी बॅनर उतरवून गोठ्यावर गळतीच्या जागी टाकला. कौसाबाईने बोलणं जवळजवळ सोडलं. काम मात्र थांबलं नाही.

फाल्गुनात राबाची भाजणी आली. शेण, पाला, गवत शेतात पसरून जाळायचं, त्याच जागी पुढे रोप टाकायचं. ऊन कडक, आणि शेणाच्या टोपल्या गोठ्यापासून वावरापर्यंत वाहायच्या. विकलेली जमीन सोडून जी उरली तिच्यात कौसाबाई खेपा घालत होती. अक्षदा वावराच्या बांधावर आली. कमलेशने इर्माच्या छापून आलेल्या पुस्तकाचं एक पान पाठवलं होतं, आणि या वेळी ते पुसायच्या आधी तिला म्हातारीला दाखवावंसं वाटलं. सांगून मोकळं व्हायची तिला आता सवयच लागली होती.

फोटोत खडक होता, विझलेली मेणबत्ती होती, आणि मिठी मारलेल्या दोन म्हाताऱ्या. कौसाबाईने डोक्यावरची टोपली उतरवली, बांधावर बसली आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितला.

"काय लिवलंय खाली?"

अक्षदाने वाचलं. "करंजपाड्यात एक म्हातारी मोलकरीण भेटली. ऐंशी वर्षं होत आली तरी ती माझ्या वडिलांच्या मेलेल्या लेकीसाठी ऊर बडवून रडते. माझ्या बहिणीला कोणीतरी अजून रडतं आहे, हे कळल्याने मी निश्चिंत मनाने परतले."

कौसाबाईने मोबाइल परत दिला. बोट लागून काचेवर शेण लागलं होतं, ते तिने पदराने पुसलं.

"त्या म्हातारीचं नाव घातलंय?"

"नाही, आत्या."

कौसाबाई बांधावरून उठली. गुडघ्यावर हात ठेवून सरळ व्हायला तिला वेळ लागला. भरलेल्या टोपलीपाशी जाऊन तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, "उचलू लाग."

अक्षदाने मोबाइल कमरेला खोचला आणि टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली.